उजवे चाक

फिलादेल्फो मिस्त्री गाडीखाली शिरले तेव्हा त्यांचे फक्त बूट बाहेर राहिले. आतून त्यांनी आखावर बोटाच्या पेराने टकटक केली, ऐकले, पुन्हा टकटक केली. वर गाडीच्या साट्यात अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी या आवाजाने चांगलीच वैतागली, पण जागा सोडायला तयार नव्हती.

"एक लाख," बेलार्मिनो त्या बुटांना म्हणाला.

"मी अजून तोंड उघडलेलं नाही," बूट म्हणाले.

"तेच म्हणतो मी. कशाला उघडताय? खाली धूळ आहे, जाळी आहेत, विंचूसुद्धा असतील. एक लाख कोलोन, रोख. वहिनींना पटत असेल तर आत्ता जाऊन बैल आणतो."

एतेल्विनाबाई खोपटाच्या दारात एप्रनमध्ये हात गुंडाळून उभ्या होत्या. चांगल्या गाईला लंगडी ठरवणारी, कॉफीची बी दाताखाली धरून तोंड वाकडे करणारी गिऱ्हाइके त्यांनी जन्मभर पाहिली होती. दोष निघायच्या आधीच भाव चढवणारे गिऱ्हाईक त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"सव्वा लाख," कोणी काही बोलत नाही असे बघून बेलार्मिनो म्हणाला.

"बेलार्मिनो, अंगात ताप आहे का तुमच्या?"

"मला काय झालंय?"

"मग गप्प उभे राहा. काय ते मिस्त्री सांगतील. एक कोलोन जास्त नको नि एक कमी नको, हे कालच ठरलंय आपलं."

ठरले होते खरेच. एतेल्विनाबाईंचे वरचे दात गेल्या वर्षी एकेक करून निघून गेले होते आणि नारान्होच्या दंतवैद्याने नव्या कवळीचे नव्वद हजार सांगितले होते. विकण्यासारखी वस्तू घरात एकच होती, ती म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, तोबियासची बैलगाडी. तोबियासला जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि गाडीत आता कोंबड्या राहत होत्या. ज्वालामुखीपाशी नव्याने झालेल्या एका हॉटेलातल्या बाईंनी गाडीसाठी फोन केला होता. त्यांना ती पोहण्याच्या तलावाजवळ ठेवून तिच्यात जिरेनियम लावायचे होते.

"तोबियासच्या गाडीत फुलं!" एतेल्विनाबाई फोन ठेवून म्हणाल्या होत्या. "त्यानं उभ्या जन्मात मला एक फूल आणून दिलं नाही."

त्या वेळी बेलार्मिनो तिथेच कॉफी पीत बसला होता. तो लगेच म्हणाला की गाडी मीच घेतो. तो तोबियासचा लहानपणापासूनचा दोस्त, थोरल्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, आणि गावात अजून बैलजोडी बाळगणारा शेवटचा माणूस. गाडी त्याच्याकडे जावी हे योग्यच होते. एतेल्विनाबाईंनी फक्त अट घातली की भाव सार्ची गावचे फिलादेल्फो मिस्त्री सांगतील तोच. ओळखीतला माणूस म्हणून त्या स्वस्तात देणार नव्हत्या आणि विधवा बाई म्हणून कोणाची दयाही घेणार नव्हत्या. भीक आणि सूट या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच राग होता.

फिलादेल्फो मिस्त्रींचे नाव निघाले तेव्हा बेलार्मिनोला कॉफीचा ठसका लागला होता. का लागला, हे सांगायचे तर गाडीच्या गाण्याबद्दल सांगावे लागेल.

आमच्याकडे बैलगाडी डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखतात. चाकाच्या मधोमध, तुंब्यात, एक लोखंडी कडी असते. चाक फिरले, गाडी हिंदकळली की ती आखाच्या टोकावर आपटून वाजते. डावे चाक एका सुरात बोलते, उजवे दुसऱ्या, आणि दोघांचे मिळून जे होते ते त्या गाडीचे गाणे. दुसऱ्या गाडीचे तसे नसते. गाडी वळणापलीकडे असतानाच घरातल्या बाईला कळते की आपला माणूस आला, आणि ती तवा चुलीवर ठेवते. गाडी ऐकू आली नाही तर तेही तिला कळते. अशा गावात लग्न झालेल्या पुरुषाने कामाच्या वेळी पत्ते कुटायला बसणे म्हणजे घरी आधी वर्दी देऊन जाण्यासारखेच होते.

तोबियास आणि बेलार्मिनो दर शुक्रवारी गुऱ्हाळातून गुळाच्या ढेपा स्टेशनावर नेत. एका गाडीला दोन फेऱ्या जमत, म्हणजे खरे तर एकाच माणसाचे काम होते. दुसरा चोनाच्या गुत्त्यात बसू शकला असता. अडचण होती ती गाण्याची. तोबियासचे घर वरच्या रस्त्याला, बेलार्मिनोचे खालच्या, आणि दोन्ही घरांतल्या बायकांचे कान तिखट. दोघांनी बराच विचार केला. शेवटी एके दिवशी त्यांनी आपापल्या गाडीचे उजवे चाक काढून एकमेकांच्या गाडीला बसवले. आता दोन्ही गाड्यांना एकेक चाक तोबियासचे आणि एकेक बेलार्मिनोचे झाले, आणि दोन्ही गाड्या एकच गाणे गाऊ लागल्या. रंग कळू नये म्हणून चाके चिखलाने माखली आणि घरी सांगितले की झिजलेली कडी बदलली, म्हणून आवाज जरा बदललाय. मग एका शुक्रवारी एकाने पहिली फेरी वरच्या रस्त्याने मारायची आणि दुसरी खालच्या, दुसऱ्याने पत्ते खेळायचे. पुढच्या शुक्रवारी उलट. वरच्या घरी एतेल्विना म्हणायची, चालला माझा नवरा राबत. खालच्या घरी बेलार्मिनोची बायको क्लोतिल्दे तेच म्हणायची. गावातल्या पुरुषांना हे ठाऊक होते आणि त्यातला एकही कधी बोलला नाही. पुढे ट्रक आले, गाड्या खोपटात गेल्या, चाके आहेत तिथेच राहिली.

क्लोतिल्दे हे न कळताच देवाघरी गेली. राहिल्या एतेल्विनाबाई. तोबियास गेल्यापासून बेलार्मिनो रोज दुपारी त्यांच्याकडे कॉफीला येई, आणि कॉफी गाळता गाळता त्या कधी ना कधी म्हणत, "काही म्हणा, तोबियासनं मला कधी फसवलं नाही." बेलार्मिनो मान डोलवी आणि बिस्किट कॉफीत जरा जास्तच वेळ बुडवी. त्या घरात त्याला चांगला माणूस समजत होते. दुसरीकडे कुठे समजत नव्हते असे नाही, पण इतर ठिकाणी समजले काय आणि न समजले काय, त्याला फरक पडत नव्हता. या घरात पडत होता. म्हणून मिस्त्री चाकापर्यंत पोहोचण्याआधी सौदा उरकावा, गाडी घरी न्यावी आणि गुपचूप चाक बदलून टाकावे, एवढाच त्याचा बेत होता.

फिलादेल्फो मिस्त्री आता गाडीखालून सरपटत बाहेर आले. ठेंगणा, गुबगुबीत माणूस, आणि कपड्यांवर रंगाचे डाग नसले तर स्वतःलाच ओळखणार नाही असा. आजूबाजूचा अर्धा तालुका त्यांच्या वाडवडिलांनी रंगवलेल्या चाकांवर फिरला होता.

"आख चांगला," ते म्हणाले. "दांडी कुजलीय, ती जाणार. साट्याच्या फळ्या कोंबड्यांनी संपवल्यात."

"कोंबड्या फळ्या खात नाहीत," एतेल्विनाबाई म्हणाल्या.

"बाई, त्या फळ्यांवर काय करतात ते मी बोलू का?"

"नको."

"पण ते सगळं होण्यासारखं आहे. लाकूड मिळतं, रंग मी देतो. आता चाकं बघू."

"चाकं चांगली आहेत," बेलार्मिनो म्हणाला आणि उजव्या चाकासमोर जाऊन उभा राहिला. "मी बघितलीत. दीड लाख."

मिस्त्रींनी खिशातून चाकू काढला, डाव्या चाकापाशी बसून वर्षानुवर्षांचा मळ अलगद खरवडला. खालून नारिंगी निघाला, मग त्यात हिरव्या पाकळीचे टोक. मिस्त्रींचा चेहरा उजळला. "हे माझ्या चुलत्याच्या हातचं," ते म्हणाले. "ही पाकळी बघा, शेवटाला कशी मुरडलीय. दुसऱ्या कोणाला जमायची नाही." मग ते उठून उजव्या बाजूला आले. "सरा जरा."

"इकडे ऊन फार येतं," बेलार्मिनो म्हणाला.

"सरा."

बेलार्मिनो सरला. चाकू फिरला. खालून निळा रंग निघाला.

तिघेही त्या निळ्याकडे बघत राहिले. कोंबडीनेसुद्धा मान पुढे काढली.

"उन्हानं होतं असं कधीकधी," बेलार्मिनो म्हणाला.

"उन्हानं नारिंगीचा निळा होतो?" मिस्त्री म्हणाले. "तीन पिढ्या आम्ही रंग विकत घेत आलो. नुसतं उन्हात ठेवायचं असतं हे कोणी सांगितलं नाही." त्यांनी चाकाच्या तुंब्यावर हात फिरवला, कडी हलवून बघितली. "हे चाक या गाडीचं नाही. चाक वाईट नाही हो, पण परक्या घरचं आहे."

"तोबियासनं तर सांगितलं होतं नुसती कडी बदलली म्हणून," एतेल्विनाबाई म्हणाल्या.

"फुटलं होतं," बेलार्मिनो घाईघाईने म्हणाला. "उतारावर. तुम्हाला घोर नको म्हणून बोलला नसेल तो."

"कधी फुटलं?"

"पावसात."

"कुठल्या पावसात?"

"जोराच्या."

एतेल्विनाबाईंनी त्याच्याकडे बघितले आणि मग मिस्त्रींकडे. "किंमत सांगा."

मिस्त्रींनी घसा साफ केला. किंमत सांगताना ते नेहमी टोपी काढत, आजही काढली. "चाकांची जोडी असती तर एक लाख वीस. कमी नाही, जास्त नाही. पण ही आहे बिनगाण्याची गाडी. फळ्या नव्या मिळतील, रंग नवा मिळेल, गाणं कुठं नवं मिळतं? साठ हजार. तेही आखासाठी आणि चुलत्यासाठी."

"मी दीड लाख देतो," बेलार्मिनो म्हणाला.

"मी साठ घेते," एतेल्विनाबाई म्हणाल्या.

"वहिनी, मी खुशीनं देतोय."

"आणि मी खुशीनं नाही म्हणतेय. वस्तू साठची आणि तुम्ही दीड लाख देणार, म्हणजे बाकीचे नव्वद मला दातांसाठी दान केलेत असंच ना? उद्या हसले की तुम्हाला वाटेल, हे माझेच दात हसतायत." त्या वळून घराकडे चालू लागल्या. "साठात पुढचे चार बसतील. फोटोपुरते. चावायचं काय, मी सगळं भिजवून खाते तशीही. मिस्त्री, जेवायला या. बेलार्मिनो, तुम्ही येताय का?"

"मला भूक नाही," बेलार्मिनो म्हणाला, आणि ते खरे होते.

तो घरी गेला. त्याच्या खोपटात त्याची स्वतःची गाडी पडून होती. तिचा साटा वाळवीने केव्हाच संपवला होता, पण दोन्ही चाके त्याने पोत्याखाली झाकून, तेल लावून जपली होती. डावे निळे त्याचे. उजवे नारिंगी तोबियासचे. ते चाक इथून तिथे गेले की गाडी एक लाख वीस हजारांची होत होती. न गेले तर एतेल्विनाबाईंना चार दात मिळत होते आणि त्याला त्यांच्या घरची कॉफी.

तो त्या चाकासमोर बादली उपडी घालून बसला. आधी त्याने तोबियासला शिव्या घातल्या, कारण मुळात कल्पना त्याची होती. मग आठवले की कल्पना आपलीच होती, म्हणून आपले ऐकल्याबद्दल तोबियासला शिव्या घातल्या. चाक सापडले असे सांगता येईल का, याचा त्याने विचार केला. एवढे मोठे चाक माणसाला सापडते कुठे? गुळाच्या खाली? मक्याची कडक बिस्किटे कॉफीत भिजवून त्याचा मऊ लगदा चमच्याने खाणाऱ्या एतेल्विनाबाई त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. त्यांचे हसणे त्याला आठवत होते, ते दात असतानाचे. शेवटी त्याने पोते बाजूला केले आणि चाक उभे केले.

भरीव लाकडाचे, लोखंडी धावेचे चाक म्हणजे गमतीची वस्तू नाही. दोन्ही हातांनी तोल सांभाळत तो ते वरच्या रस्त्याने ढकलू लागला. किराणा दुकानापाशी बाकावर बसलेल्यांपैकी एकाने विचारले, "बाकीची गाडी मागून येतेय का, बेलार्मिनो?" दुसरा म्हणाला, "एकेक चाक नेतोय, संध्याकाळपर्यंत पोहोचेल." बेलार्मिनोने उत्तर द्यायला मान वळवली आणि तेवढ्यात चाक हातून सुटले. ते उतारावरून आल्या वाटेने धडधडत निघाले. एका कुत्र्याला त्याने कुंपणावर चढवले, किराणा दुकानाच्या दारातून आत डोकावल्यासारखे केले आणि तांदळाच्या पोत्याला टेकून थांबले. बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मात्र त्यांच्यातलेच दोघे उठले, चाक बाहेर काढून दिले आणि चढ संपेपर्यंत त्याच्याबरोबर ढकलत आले. नारिंगी रंग त्यांनी बघितला होता. एकाने विचारले, "नक्की ना?" बेलार्मिनो म्हणाला, "नाही." आणि पुढे गेला.

तो अंगणात आला तेव्हा फिलादेल्फो मिस्त्री भात, घेवडा आणि तळलेल्या केळ्यांच्या दुसऱ्या ताटावर होते. दारातून चाक दिसताच त्यांनी चमचा खाली ठेवला. बाहेर येऊन चाकूने जरासे खरवडले. हिरवी पाकळी निघाली, शेवटाला मुरडलेली.

"हे कुठं मिळालं?"

बेलार्मिनोने तोंड उघडले. वाटेत त्याने तीन वाक्ये तयार केली होती. त्यातले एकही आता खरे वाटेना, कारण खरे त्यातले एकही नव्हते.

"मिस्त्री," एतेल्विनाबाई त्यांच्यामागून म्हणाल्या, "भात गार होतोय. खाऊन घ्या आणि मग चाक बसवा. चाक कुठून आलं यावरून त्याची किंमत ठरते का?"

"नाही ठरत."

"मग झालं तर."

जेवण झाले. गाडीखाली ओंडका सारून ती उचलली. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवले, त्यात मिस्त्रींच्या हाताला दोन टोचे बसले. खीळ निघाली, निळे चाक उतरले, वंगण घालून नारिंगी चढले. बेलार्मिनो जाऊन बैल घेऊन आला. कुजलेल्या दांडीला दोराने आवळले. मग एतेल्विनाबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. गाडीचे गाणे ज्या घरी ती रोज येते त्या घरात बसूनच पारखायचे असते, तशी आमच्याकडे रीतच आहे. मिस्त्री साक्षीला त्यांच्यासमोर बसले.

बेलार्मिनोने बैल हाकायची पराणी खांद्यावर टाकली, बैलांच्या पुढे झाला आणि गाडी वळणापर्यंत नेली. तिथून फिरवली. आमच्याकडे गाडीवान बैलांच्या पुढे चालतो, मागे वळून बघत नाही, त्याला मागचे फक्त ऐकू येते. आधी नुसतीच करकर झाली. मग डाव्या कडीने एक ठोका दिला, उजवीने त्याला जरा उशिरा, जरा खालच्या सुरात उत्तर दिले. बेलार्मिनोच्या पायांना ते कानांआधी कळले. दोघे विशीचे होते तेव्हा पहाटेच्या वेळी हेच गाणे त्याच्या मागून येई आणि त्यासोबत तोबियासची शीळ. त्याला वाटले, आत्ता मागे वळून बघावे. त्याने बघितले नाही. डोळे मात्र भरून आले आणि पराणीच्या हाताने पुसताना टोपी पडली, ती उजव्या बैलाने तुडवली.

गाडी अंगणात थांबली. स्वयंपाकघराचे दार उघडले आणि मिस्त्री टोपी हातात घेऊन बाहेर आले.

"एक लाख वीस हजार," त्यांनी जाहीर केले. "मी गाडी ऐकायचं सोडून बाईंकडेच बघत होतो. गाडी ऐकायची गरजच पडली नाही." मग त्यांनी मोबदला म्हणून ती खुडूक कोंबडी मागितली. अंडी सोडून मिळेल, असे एतेल्विनाबाईंनी सांगितले. त्यावर मिस्त्रींनी हाताचे टोचे बघितले आणि साधी कोंबडी चालेल म्हणाले. ती पकडायला ते घरामागे गेले.

अंगणात दोघेच राहिले. बेलार्मिनोने कालवडी विकून आणलेले पैसे मोजून दिले. एतेल्विनाबाईंनी ते पुन्हा मोजले, एक लाख वीस भरल्यावर उरलेले त्याच्या हातात परत ठेवले. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या निळ्या चाकाकडे बोट दाखवले.

"ते घेऊन जा तुमचं."

बेलार्मिनो हलला नाही. मिस्त्रींनी परक्या घरचे चाक म्हटले होते. कोणत्या घरचे, हे कोणी म्हटले नव्हते.

"त्याचं भाडं लावलं असतं," त्या म्हणाल्या, "पण आमचंही एक चाक तुम्ही तितकीच वर्षं वापरलंत. फिटंफाट झाली."

"वहिनी, तुम्हाला कधीपासून…"

"पहिल्याच महिन्यात. क्लोतिल्देला मी बोलले नाही, बिचारीला खरं वाटत होतं."

"आणि रोज मला ते म्हणत होता, तोबियासनं कधी फसवलं नाही म्हणून?"

"तुमचा चेहरा फार बघण्यासारखा व्हायचा."

त्याने टोपी झटकली. बैलाच्या खुराचा ठसा काही निघेना. "पण गाणं तर एकच होतं," तो म्हणाला. "अगदी एकच. आम्ही स्वतःसुद्धा चुकायचो. कळलं कसं तुम्हाला?"

एतेल्विनाबाई अंगणाच्या टोकाला आल्या. तिथून कॉफीच्या झाडांमधून वरचा रस्ता दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

"फाटकासमोर तेव्हा मोठा खड्डा होता," त्या म्हणाल्या. "तोबियास त्यातून गाडी न्यायचा. दरवेळी. असा दणका बसायचा की पाळण्यातलं पोर दचकून उठायचं आणि मग रात्रीपर्यंत मला बसू द्यायचं नाही. एका शुक्रवारी गाडी आली, तेच गाणं, आणि खड्ड्यापाशी हळू झाली. कोणीतरी बैल धरून कडेनं काढली. पोर झोपलेलंच राहिलं. मी खुर्ची घेतली आणि बसले. लग्नानंतर दिवसाउजेडी पहिल्यांदा." त्यांनी पैशांची घडी एप्रनच्या खिशात सारली. "मग कळायला लागलं, कुठला शुक्रवार कोणाचा ते."

घरामागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता आणि त्यात मिस्त्रींचा आवाज मिसळला होता.

"मग बोलला का नाहीत?" बेलार्मिनोने विचारले.

"बोलले असते तर तोबियास दर शुक्रवारी स्वतःच आला असता."

एवढे सांगून त्या मिस्त्रींना कोंबडी पकडून द्यायला घरामागे गेल्या. बेलार्मिनो निळ्या चाकाला हात लावून उभा राहिला. बैल जुंपलेले होते, पैसे देऊन झाले होते, जायला काही हरकत नव्हती. तो बराच वेळ गेला नाही.